माउंट टॅम: पायी पाच तारे, सायकलवर साडेतीन

माउंट टॅमलपायस म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडल्यावर लागणारा, बे एरियातल्या मराठी मंडळींचा शनिवार-रविवारचा हक्काचा डोंगर. उंची २,५७१ फूट, कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून कोणी हलक्यात घेऊ नये. पायथा थेट समुद्राला टेकलाय, चढायला लावतोच.

चालणाऱ्यांनी डोंगरावरच्या पँटोल रेंजर स्टेशनहून मॅट डेव्हिस वाटेने स्टिन्सन बीचला उतरावं, तिथे जेवावं आणि स्टीप रव्हीन वाटेने परत चढावं. साधारण ७ मैल. उलटं करू नका. स्टीप रव्हीनमध्ये ओढ्यालगत ओल्या पायऱ्या आहेत आणि मध्येच दहा फुटी लाकडी शिडी. ती चढताना मजा येते, उतरताना मागे रांग लागते. जेवणानंतर चढण येते हे खरं, तेव्हा स्टिन्सनला बेतानं खा. पँटोलचं पार्किंग सुट्टीच्या दिवशी सकाळीच भरतं.

सायकलवाल्यांची गंमत अशी की माउंटन बायकिंग ज्या परिसरात वाढलं, तिथेच त्यांना बहुतेक अरुंद पायवाटा बंद. १९७६ मध्ये जवळच्याच रीपॅक उतारावर शर्यती सुरू झाल्या, तेव्हा कोस्टर ब्रेक (पेडल उलटं दाबून लागणारे) इतके तापत की चाकाच्या हबमधलं ग्रीस जळून जाई. ते नव्याने भरूनच पुढची फेरी. आज वाट्याला येतात ते मुख्यतः फायर रोड, म्हणजे वणवा विझवायला ठेवलेले रुंद कच्चे रस्ते. त्यातला रेलरोड ग्रेड उत्तम. १८९६ ते १९३० इथे रेल्वे धावायची, २८१ वळणांची, त्यामुळे चढ कुठेही ७ टक्क्यांपलीकडे जात नाही. दम टिकतो, पण सुटे दगड हाल करतात. टायर किमान ४० मिमी रुंद असावा. दगडांच्या भीतीने टायरमधली हवा फार कमी केलीत, तर ट्यूब रिममध्ये चिमटून पंक्चर ठरलेलं. उतरताना वेगमर्यादा ताशी १५ मैल. आंधळ्या वळणावर आणि माणसांजवळून जाताना ५. कंटाळवाणं आहे, पण वळणापलीकडे लहान मुलं असतात. शिखराच्या अलीकडे १९०४ सालचं वेस्ट पॉइंट इन लागतं, दम खायला बरं.

उन्हाळ्यात खाली धुकं आणि गारठा, वर मात्र लख्ख ऊन, असं पुष्कळदा होतं. जाकीट आणि टोपी दोन्ही घ्या. कुत्रा घरीच ठेवा, स्टेट पार्कच्या पायवाटांवर त्याला बंदी आहे. वाटेकडेच्या तीन-तीन पानांच्या पॉयझन ओक या खाज आणणाऱ्या झुडपाला हात लावू नका. लागलाच, तर साबणाने लगेच धुवा, कारण त्याचं तेल कपड्यांवरूनही पसरतं.