दोन इंचांनी अरुंद: माझ्या व्हीलचेअरचा चौदा महिन्यांचा अनुभव

आमच्या देवघराच्या चौकटीची आतली रुंदी २५ इंच. लग्न होऊन या घरात आले त्याला एकतीस वर्षं झाली, पण हे माप कधी काढावं लागलं नव्हतं. आता कुणी व्हीलचेअर घ्यायची म्हणून विचारायला आलं, की माझा पहिला प्रश्न हाच असतो: घरातलं सगळ्यात अरुंद दार किती इंचांचं?

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. चिऱ्यांचं जुनं घर, मधे राजांगण म्हणजे उघडा चौक, मागे उतारावर कुळागर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग. मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते. जुलै २०२३ मध्ये कुळागरात उतरताना शेवाळलेल्या पायरीवरून घसरले आणि कमरेचा मणका मोडला. बांबोळीला ऑपरेशन झालं. जीव वाचला, हात शाबूत राहिले, पण कमरेखाली ताकद नाही आणि स्पर्शही जवळजवळ कळत नाही. ऑक्टोबरात घरी आले तेव्हा पहिली व्हीलचेअर आधीच सोप्यावर येऊन थांबली होती. मुलाने घाईघाईत आणली होती. दुकानदाराने एवढंच विचारलं होतं, ‘पेशंटचं वजन किती?’ माप कुणीच घेतलं नाही.

ती खुर्ची वाईट नव्हती, माझी नव्हती. बैठक १८ इंचांची. हाताने ढकलायच्या मोठ्या चाकांच्या खुर्चीची बाहेरची रुंदी साधारण बैठकीपेक्षा आठ इंच जास्त भरते, म्हणजे ती झाली २६ इंच. देवघराचं दार २५. नऊ महिने मी ओटीवरून हात जोडले. तिथून समई दिसायची आणि देव्हाऱ्याचा उजवा अर्धा भाग. बाळकृष्ण डाव्या बाजूला असतो, तो दिसत नसे. सासूबाई आरती झाली की निरांजन बाहेर आणून माझ्यासमोर धरायच्या, प्रसाद हातावर ठेवायच्या. त्यांचं वय तेव्हा चौऱ्याऐंशी. त्या माउलीने एकही दिवस चुकवला नाही. पण ज्या देवांना मी इतकी वर्षं न्हाऊ घातलं त्यांच्या दाराबाहेर पाहुण्यासारखं बसणं मला फार जड गेलं, हे खरं सांगते. त्या दिवसांत प्रार्थनेत मी पाय मागत असे.

दुसरी खुर्ची जुलै २०२४ मध्ये म्हापशाहून आणली, तिच्याबद्दल हे लिहिते आहे. कंपनीपेक्षा मापं महत्त्वाची, म्हणून मापंच देते. अॅल्युमिनियमची, घडी होणारी, वजन १४ किलो. बैठक १६ इंच, बाहेरून २४. आर्मरेस्ट निघतात, फूटरेस्ट बाजूला वळतात आणि निघतात. मागची चाकं २४ इंची, भरीव रबराची. किंमत तेव्हा तेरा हजार आठशे, चांगल्या कुशनचे पैसे वेगळे.

या वेळी मुलगा आणि सून आधी फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी मला सपाट बाकावर बसवून माझी रुंदी मोजली. भरली साडेचौदा इंच. दोन्ही बाजूंना बोटभर जागा ठेवायची, त्यापेक्षा जास्त नाही. पहिल्या खुर्चीत ही जागा इतकी होती की मी सतत एका कुशीवर कलून बसायची, संध्याकाळपर्यंत खांदा ठणकायचा. मला वाटायचं, दुखणं म्हटलं की हे असणारच. खुर्ची बदलली आणि आठवड्यात तो ठणका गेला. बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जातील एवढंच बैठकीचं कापड पुढे यावं, आणि फूटरेस्ट जमिनीपासून निदान दोन इंच वर असावा, हेही तिथेच कळलं. फूटरेस्ट जास्त वर घेतला तर गुडघे उचलले जातात आणि सगळा भार बुडाखालच्या दोन हाडांवर येतो.

खुर्ची घरी आली त्या संध्याकाळी ती आत नेण्याआधी सासूबाईंनी काठी टेकत येऊन बैठकीवर हात फिरवला. ‘हें चामडें न्हय मगो?’ मुलाने नायलॉन आहे म्हणून सांगितलं. मग त्यांनी चाकं ओल्या फडक्याने पुसून घेतली, तुळशीचं पान बुडवून पाणी शिंपडलं आणि बाजूला झाल्या. म्हणाल्या, ‘भितर यो गो बाये.’

दार २५, खुर्ची २४. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच. हात चाकांच्या कड्यांवर ठेवून ढकलायला गेलं तर बोटांची सालं निघतात, एकदा निघालीही. म्हणून चाकं सोडायची, दोन्ही हातांनी चौकट धरायची आणि स्वतःला आत ओढून घ्यायचं. फणसाच्या लाकडाची ती चौकट, माझ्या हाताच्या उंचीवर आता गुळगुळीत झाली आहे. आत गेल्यावर मी पहिल्यांदा बाळकृष्ण उचलून हातात घेतला. रोजची पूजा नीट झालेली होती, पण लोणी धरलेल्या हाताच्या कोपराच्या बेचक्यात गंधाचा पांढुरका थर साचला होता. सासूबाईंना आता बारीक दिसत नाही. सुनेने चिंच आणून दिली. फडक्याचं टोक नखावर घेऊन मी तो थर काढत बसले, आतलं पितळ पिवळंधमक निघेपर्यंत. त्या दिवशी मी काही मागितलं नाही. मागायचं राहूनच गेलं, आणि तेव्हापासून माझी प्रार्थना बरीचशी आभाराची झाली आहे.

उंबरठ्याचं मात्र सांगायला हवं, कारण खुर्ची कितीही चांगली असली तरी ती उंबरठा चढत नाही. आमचा उंबरठा चार इंच उंच. चढावाचा नियम असा की एक इंच उंचीला बारा इंच लांबी, म्हणजे चार इंचांना चार फूट. एवढी जागा ना ओटीवर होती ना देवघरात. गावातल्या सुताराने दोन्ही बाजूंनी लाकडी उतार बसवला, थोडा उभा, त्यामुळे वर जाताना मागून कुणाचा तरी हात लागतो. ह्यांचा किंवा मुलाचा. उंबरठा कापायची गोष्ट घरात कुणी काढली नाही. सासूबाई रोज सकाळी उंबरठ्याला हळदकुंकू लावून रांगोळीची दोन बोटं ओढतात. उतार बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी पाहते तर त्याच्या दोन्ही कडांनाही रांगोळी होती. माझी चाकं मधून जातात, रांगोळी विस्कटत नाही.

स्वयंपाकघरात कामाला येतात ते निघणारे आर्मरेस्ट. खटका दाबला की दांडा वर निघतो. पलंगावरून खुर्चीत सरकताना बाजू मोकळी लागते, तिथे तर तो हवाच. पण मला खरा उपयोग झाला चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला. आर्मरेस्ट लावलेले असले की खुर्ची टेबलाच्या कडेला अडते आणि हात लांब करून काम करावं लागतं. ते काढले की पोट टेबलाला लागेपर्यंत पुढे जाता येतं. नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, मुरड अशी दुरून घालता येत नाही. अंगठ्याने कड दाबायची, दुमडायची, परत दाबायची, आणि हे कोपर टेकलेलं असेल तरच एकसारखं येतं. यंदा दोनशेच्या वर नेवऱ्यांना मी मुरड घातली. सून लाटून देत होती, नातू सारण मोजून घालत होता. खतखत्याची भाजीही मीच चिरली. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, ती बांधायचं काम उंचावरचं, ते ह्यांचं, पण चिबूड कुठे, आंबाडे कुठे, सुपारीचं शिंपटं मधोमध आलं की नाही, हे खालून सांगणारी मी.

आता जे कमी आहे ते.

बैठकीचं नायलॉन सहा महिन्यांत झोळीसारखं खाली आलं. झोळीत बसलं की मांड्या आत वळतात आणि भार एका जागी येतो. मुलाने प्लायवूडची फळी मापाने कापून, कडा घासून कुशनखाली घातली, तेव्हा बैठक सपाट झाली. खुर्ची विकतानाच ही फळी द्यायला हवी.

सोबत मिळालेलं कुशन जेमतेम इंचभर जाडीचं, ते वापरू नका. ज्यांना स्पर्श कळत नाही त्यांनी तर मुळीच नाही. पहिल्या खुर्चीवर मी बिनकुशनाची बसत होते. बुडाच्या हाडावर लाल डाग आला, मला कळला नाही, सुनेला अंघोळीच्या वेळी दिसला, तोवर कातडी फुटली होती. दीड महिना पालथी पडून काढावा लागला. आता चार इंची कुशन आहे, आणि तरीही दर अर्ध्या तासाने हातांवर जोर देऊन अंग उचलायचं किंवा छाती मांड्यांकडे नेऊन मिनिटभर ओणवं व्हायचं. कुशन चांगलं आहे म्हणून हे टळत नाही. सासूबाईंच्या जपाची माळ साधारण तेवढ्याच वेळात पूर्ण होते. त्यांनी माळ कपाळाला लावली की मी अंग उचलते. घड्याळ बघावं लागत नाही.

भरीव चाकं पंक्चर होत नाहीत हे खरं, पण चिऱ्यांच्या अंगणात प्रत्येक सांधा पाठीला कळतो. हवेची चाकं मऊ चालतात. आमच्याकडे कुळागराच्या वाटेवर काटे, म्हणून मी भरीवच ठेवली. पुढची चाकं सहा इंची आहेत, ती खडीत रुततात. आठ इंची मिळत असतील तर तीच घ्या. शिवाय त्यांच्या आसाभोवती केस आणि नारळाच्या शेंडीचे धागे गुंडाळले जातात, खुर्ची जड चालायला लागते आणि कारण कळत नाही. दर रविवारी मुलगा खुर्ची उलटी करून दाभणाने ते धागे उपसतो. पहिल्यांदा निघाला तो पुंजका लिंबाएवढा होता.

पावसाळ्यात ब्रेकवर विसंबू नये. ब्रेकचा दांडा थेट टायरवर दाबतो. टायर ओला असला की घसरतो. उतारावर थांबायचं तर मागे माणूस हवाच. सांगाडा गंजत नाही, पण स्क्रू आणि पुढच्या चाकांची बेअरिंगं गंजतात. आषाढात कुशनच्या कव्हरला बुरशी येते, म्हणून दोन कव्हरं हवीत. बेअरिंगला खोबरेल लावू नका, आम्ही लावलं आणि त्यावर धूळ बसून चिकट लगदा झाला. सायकलवाल्याकडचं ग्रीस चालतं.

प्रवासाला ही खुर्ची उत्तम. घडी करून छोट्या गाडीच्या डिकीत बसते, सून एकटी उचलते. माझं माहेर दिवाडी बेटावर. अपघातानंतर सव्वा वर्ष तिथे गेले नव्हते. गेल्या नोव्हेंबरात नार्व्याहून फेरीबोटीने गेलो. आधी श्री सप्तकोटीश्वराचं दर्शन घेतलं. हा देव मूळचा दिवाडीचा. पोर्तुगीज काळात तिथलं देऊळ मोडलं, देव नदीपलीकडे आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याला देऊळ बांधून घेतलं. लहानपणापासून ही कथा ऐकत आले, पण त्या दिवशी पायरीशी खुर्ची थांबली आणि चार अनोळखी माणसांनी विचारण्याआधीच चार बाजूंनी हात घातले तेव्हा ती नव्याने आठवली. देवालाही कुणीतरी उचलूनच आणलं असेल ना. उचलायला कुणी आलं तर त्यांना आधी सांगा: चाक किंवा आर्मरेस्ट धरू नका, हातात सुटून येतात. सांगाडा धरा.

फेरीचं गणित भरती-ओहोटीचं. भरतीला फेरीचा फळा धक्क्याशी जवळजवळ सपाट येतो, ओहोटीला उतार उभा होतो. शक्य असेल तर भरतीची वेळ बघून निघा. उतरताना खुर्ची नेहमी उलटी न्यावी, पाठ उताराकडे, म्हणजे माणूस पुढे फेकला जात नाही. ह्यांनी मला तशीच नेली. त्यामुळे फेरीत शिरताना मला नार्व्याचा किनारा दिसत होता, आणि खुर्ची वळवून ब्रेक लावल्यावर समोर दिवाड. भाऊ पलीकडच्या धक्क्यावर उभा होता. त्याने खुर्ची पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘गो, रुंदी कितली?’ त्याच्या न्हाणीचं दार मोजून आला होता. २७ इंच. मी रात्र राहिले.

ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनी यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, करून घ्यावं आणि केंद्र सरकारच्या एडिप योजनेच्या शिबिराची चौकशी करावी. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना तिथे साधनं मिळतात. पण तिथेही मापाचा आग्रह धरा. लाजू नका, मी लाजले आणि नऊ महिने गेले.

घेऊ का, असं विचाराल तर हो, घ्या. घरातली सगळी दारं मोजा, मग स्वतःला मोजून घ्या, कुशनचे पैसे वेगळे बाजूला ठेवा आणि पुढची चाकं बघून घ्या. माझ्या खुर्चीचं पुढचं डावं चाक आता हलायला लागलं आहे. दिवाळीआधी दोन्ही बदलायची आहेत, आठ इंची बसतात का ते मुलगा शनिवारी म्हापशाला विचारून येणार आहे.