पाण्याखालची अकरा मिनिटं

आमच्या इंदूरच्या रामबागेतली दोन कुटुंबं दिवाळीत अंदमानला निघाली आहेत. मुलांना स्कूबा करायचंय, म्हणजे पाठीला हवेचं सिलिंडर बांधून समुद्रात खाली उतरायचंय, म्हणून दोघींनीही मला ‘तुमच्या त्या माणसाचा नंबर द्या’ म्हणून विचारलं. मी दिला नाही. का दिला नाही, ते सगळ्यांसाठीच लिहिते.

आम्ही गेल्या जानेवारीत गेलो होतो. इंदूरहून निघताना सेल्युलर जेल आणि सावरकरांची कोठडी बघायची, एवढंच मनात होतं. हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, हे लेकाचं खूळ. एका ओळखीच्या ग्रुपवर तिथल्या एका छोट्या स्कूबावाल्याचा नंबर मिळाला. त्याने निळ्याशार पाण्याचे फोटो पाठवले आणि सांगितलं: बोटीने आत नेणार, प्रत्येकाला स्वतंत्र इन्स्ट्रक्टर, चाळीस मिनिटं पाण्याखाली, व्हिडिओ फुकट. माणशी साडेचार हजार. ‘आज रात की लास्ट स्लॉट है मैडम.’ आम्ही तिघांचे मिळून नऊ हजार आगाऊ यूपीआयने पाठवले. समोर नाव दुकानाचं नव्हतं, भलत्याच कुणा माणसाचं होतं. मिस्टरांच्या ते लक्षात आलं होतं, पण रात्री साडेदहा वाजता घाई लागलेली. मीच म्हटलं, पाठवा.

तिथे पोहोचलो तर पत्र्याची शेड, पाटी नाही. ‘आज बोट नहीं जाएगी, करंट है,’ म्हणत त्याने किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरवायचं ठरवलं. पैसे मात्र बोटीचेच. उरलेले साडेचार हजार आधी हातात घेतले. मला दमा आहे, पंप पर्समध्ये असतो, हे मी आपणहून सांगितलं. तो म्हणाला, ‘ये सब बोलना मत, नीचे कुछ नहीं होता.’ एक कागद भरून घेतला नाही. श्वास घ्यायला तोंडात धरायच्या रेग्युलेटरच्या रबरावर आधीच्या लोकांच्या दातांचे खोल व्रण होते, आणि ते रबर प्लास्टिकच्या पट्टीने करकचून बांधलेलं. सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा शंभराच्या जरा पुढे होता. भरलेलं सिलिंडर साधारण दोनशे बारला (बार हे दाबाचं माप) असतं, हे मला नंतर कळलं.

स्वतंत्र इन्स्ट्रक्टर कुठला? एकच पोरगा, एका हाताला लेक, दुसऱ्या हाताला मिस्टर. नंतर माझी पाळी.

माझं काय झालं ते नीट सांगते, कारण धोका तिथेच आहे. दोन-तीन मीटर खाली गेले आणि कानात सळई घातल्यासारखी कळ आली. पाण्याचा दाब वाढतो, दहा मीटरवर तो वरच्यापेक्षा दुप्पट होतो. म्हणून नाक चिमटीत धरून हळूच हवा कानाकडे ढकलायची असते, आणि तरीही दुखलं तर थोडं वर यायचं असतं. हे मला उतरण्याआधी कुणी शिकवलंच नव्हतं. मी कानाकडे बोट दाखवलं, त्याने मला आणखी खाली ओढलं. वर आले तेव्हा मास्कमध्ये रक्त होतं. मिस्टरांच्या घड्याळात माझी अकरा मिनिटं झाली होती.

आम्ही भांडलो. तो म्हणाला, ‘आप ही घबरा गईं.’ व्हिडिओचे वेगळे दोन हजार मागितले. लेकाच्या हट्टापायी तेही दिले. त्या व्हिडिओत पिवळ्या मास्कवाला कुणी दुसराच मुलगा होता, आमच्या लेकाचा मास्क काळा होता. आवाज चढला तसा तो नरमला आणि म्हणाला, ‘कल सुबह एक डाइव्ह फ्री कर दूँगा.’ दुसऱ्या दिवशी दुपारी आमचं विमान होतं. तेही त्याला ठाऊक होतं.

सकाळी डाइव्ह करून दुपारी विमानात बसलं तर चालेल का, हे विचारायला लेक रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या छोट्या दुकानात गेला. तिथल्या वयस्क काकांनी त्याला बसवून सांगितलं की डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नसतं. एका डाइव्हनंतर किमान बारा तास, जास्त केल्या तर अठरा तास थांबायचं. अंगात मुरलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो, आणि उंचावर दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. मग मी गेले. त्यांनी आधी प्रकृतीचा फॉर्म पुढे केला. दम्यापुढे मी ‘हो’ लिहिलं तसा त्यांनी पेन खाली ठेवला. डॉक्टरांच्या पत्राशिवाय नाही, म्हणाले. दम्यात छातीत हवा अडकते, वर येताना ती फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. समोर चालून आलेलं गिऱ्हाईक त्यांनी परत पाठवलं. तेवढ्यात मला कळलं की आदल्या माणसाने माझे पैसे घेतले होतेच, माझा जीवही पणाला लावला होता.

म्हणून दुकान छोटं आहे म्हणून कुणाला नाव ठेवू नका. फॉर्म देतात का, तेवढं बघा. इन्स्ट्रक्टरच्या प्रमाणपत्राचा नंबर मागा. स्कूबा शिकवून प्रमाणपत्र देणाऱ्या पॅडी, एसएसआय या संस्थांच्या संकेतस्थळांवर तो तपासता येतो. स्कूबा न शिकलेल्याला बारा मीटरच्या खाली नेत नाहीत, आणि पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नसतो, या दोन गोष्टी कुणी आपणहून सांगितल्या नाहीत तर तिथून उठा. काट्याचं घड्याळ स्वतः वाचा. आणि जे ठरलं ते चॅटवर असेल तर लगेच स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्याने आमच्याशी बोललेलं सगळं दोन्हीकडून पुसून टाकलं, आमच्या हातात फक्त यूपीआयची पावती उरली.

इंदूरला परतल्यावर कानाच्या डॉक्टरांनी पडद्याला सूज असल्याचं सांगितलं. तीन आठवडे डाव्या कानाने धड ऐकू येत नव्हतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, उपयोग झाला नाही. मग कळलं की २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, अंदमानला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही, फक्त दोन वर्षांच्या आत करायचा. पावती, डॉक्टरांचा कागद आणि तो पिवळ्या मास्कचा व्हिडिओ जोडून आम्ही इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला आहे.

लेक पुढच्या वर्षी त्या काकांकडेच शिकायला जाणार म्हणतो. मी माझ्या दम्याच्या डॉक्टरांकडे पत्र मागितलं. त्यांनी आधी फुप्फुसाची तपासणी लिहून दिली आहे, या शनिवारी करायची आहे.