एकच धोरण सगळीकडे, की शाखांना मोकळीक?

मैत्रिणीच्या कंपनीच्या शाखा चार देशांत आहेत. पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचं धोरण मुख्यालयाने ठरवायचं की शाखांनी, यावर तिचं अडलंय.

मोजमापात मुख्यालय सरस. शाखांवर सोडलं की एक झाडं मोजते, दुसरी शिबिरं. बेरीज कशाची करणार?

कायद्यापुढे मात्र एकच साचा तोकडा पडतो. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामांवर खर्चायला लावतं. युरोपीय संघाचा भर अहवालावर.

माणसांच्या बाबतीत तर साचा हमखास फसतो. मुख्यालयाच्या हुकमाने लावलेली तक्रारपेटी मी मुकादमाच्या खुर्चीसमोरच टांगलेली पाहिलीय. त्यात चिठ्ठी कोण टाकणार? अहवालात मात्र ‘तक्रारी: शून्य’, तेही अभिमानाने!

खर्च मोकळीकीत जास्त. प्रत्येक ठिकाणी जाणकार माणूस लागतो.

गुंतवणूकदारांना आकडे द्यायचे असतील, बालमजुरी किंवा लाचखोरी रोखायची असेल, तर मुख्यालयाचंच धोरण, सवलत नको. कारखान्याभोवतीच्या वस्तीशी रोजचा संबंध असेल, तर शाखेला मोकळीक द्या, स्वतःच्या बजेटसकट.