आयर्न मॅनचं फोम हेल्मेट किट : कापणी झकास, डिंक टाकाऊ

खोक्यावर लिहिलंय ‘मार्क 3’ (म्हणजे आयर्न मॅनच्या चिलखताची तिसरी आवृत्ती), पण चित्रात छातीवरचा आर्क रिॲक्टर, म्हणजे चिलखताला शक्ती देणारा चमकता दिवा, त्रिकोणी आहे. त्रिकोण मार्क 6 चा, म्हणजे 2010 च्या दुसऱ्या सिनेमातला. 2008 च्या पहिल्या सिनेमात मार्क 3 वर तो गोल होता. ज्याला हा फरक खुपतो, त्याच्यासाठीच हे परीक्षण आहे. खोक्यात फक्त हेल्मेट आहे, छाती नाही, त्यामुळे नुकसान तसं काही नाही. पण लाल-सोनेरी रंग द्यायला चित्र समोर ठेवू नका, सिनेमा लावा.

किंमत सतराशे रुपये. आत ईव्हीए फोमचे (चपलेच्या तळव्यासारखा लवचिक फोम) 23 कापलेले तुकडे, त्यातले 14 पाच मिलिमीटर जाडीचे आणि 9 दोन मिलिमीटरचे. डोळ्यांसाठी पांढऱ्या ॲक्रिलिकचे दोन तुकडे, चार चुंबकं, दोन एलईडी आणि डिंकाची एक छोटी ट्यूब. कापणी लेझरची आहे आणि खरंच नेटकी; हनुवटीजवळचे तिरपे कोपरेसुद्धा एकमेकांना बरोबर भिडतात. कटरने हे करायला दोन संध्याकाळी जातात आणि पातं बोथट झालं की फोम कापण्याऐवजी फाटतो. किटचे पैसे इथेच वसूल. मात्र लेझरने कडा करपतात. त्या काजळीवर डिंक धरत नाही, म्हणून प्रत्येक कड 220 नंबरच्या पॉलिश पेपरने दोन-तीनदा घासून कोरड्या फडक्याने पुसून घ्या. कागदावरच्या सूचनांत याचा उल्लेखही नाही.

आता ती ट्यूब. फेकून द्या. वाळल्यावर काचेसारखी कडक होते आणि कपाळाच्या गोलाईत फोम वाकला की सांधा तडकतो. प्लायवूड-हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात फेविकॉल एसआर 998 मागा. 100 मिलीचा डबा पुरून उरतो. दोन्ही कडांना पातळ थर लावायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासा झाला की मगच कडा जुळवायच्या. ओल्यावरच दाबला तर सांधा सरकतो. एकदा भिडला की मात्र परत सोडवता येत नाही, म्हणून आधी दोन्ही टोकं जुळवा, मग मधला भाग. पावसाळ्यात थोडी गंमत होते: डिंकातलं द्रावण उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि वर पांढुरकी झाक येते. त्या झाकेवर सांधा लावू नका. पंख्याखाली ती जाऊ द्या. खिडकी उघडी हवीच, आणि डिंक ओला असताना हीट गन (खूप गरम हवा फेकणारं हातातलं यंत्र) सुरू करू नका. त्याची वाफ पेट घेते.

हीट गनशिवाय हे काम होत नाही. हेअर ड्रायर पुरत नाही, उगाच वेळ जातो. फोमवर गन सतत हलती ठेवा. पृष्ठभागाला किंचित चकाकी आली की छिद्रं बंद झाली असं समजा. फोम मऊ असतानाच डोक्याचा तुकडा घरातल्या एखाद्या स्टीलच्या पातेल्यावर दाबून पूर्ण गार होईपर्यंत धरा (हातमोजे घालून). डिंक याच्या नंतर. पॅनेलच्या रेषा हव्या असतील तर कटरने एक मिलिमीटर खोल चीर पाडून वरून गरम हवा फिरवा. चीर आपोआप उघडते आणि पत्र्याच्या सांध्यासारखी दिसते. हा एक प्रकार पाहण्यासाठी तरी किट घ्यावं.

मापाची तक्रार आहे. किट 56 ते 58 सेंटिमीटर घेराच्या डोक्याचं आहे, हे खोक्यावर कुठेच नाही. भुवयांच्या जरा वर टेप लावून मोजा. 60 असेल तर मागच्या उभ्या सांध्यात दोन सेंटिमीटरची पट्टी टाका. बाजूंना टाकली तर चेहरा रुंद दिसतो आणि आयर्न मॅनचा हलवाई होतो.

चेहऱ्याची पट्टी चुंबकांवर बसते. सिनेमासारखी झपकन वर जात नाही, आणि ती अपेक्षाही ठेवू नका. तिथे स्टॅन विन्स्टन यांच्या स्टुडिओने चिलखताचे खरे भाग बनवले होते, पण उडणं-वळणं बरंचसं आयएलएम या स्पेशल इफेक्ट्सच्या कंपनीने संगणकावर केलं. चुंबकं चिकटवण्याआधी कुठली बाजू ओढते ते पाहून त्यावर स्केचपेनने खूण करा. उलटं चिकटलं तर पट्टी लागण्याऐवजी दूर ढकलली जाते आणि फोम कोरून चुंबक काढावं लागतं.

रंगात बहुतेकांचा घात होतो. फोम थर्मोकोलसारखा विरघळत नाही, पण रंग पितो. आधी पांढऱ्या फेविकॉलचे तीन भाग आणि पाण्याचा एक, असं मिश्रण करून चार थर द्या, प्रत्येक थर पूर्ण वाळवून. मग प्रायमर. सोनेरी रंग काळ्या अस्तरावर उठून दिसतो, लाल चंदेरीवर. थेट करड्या प्रायमरवर लाल मारला तर विटकरी दिसतो. मास्किंग टेप रंग अर्धवट ओला असतानाच काढा, नाहीतर कडेचे पापुद्रे निघतात.

डोळ्यांचे एलईडी बरे आहेत. मात्र ॲक्रिलिकमागे लावले की समोरचं दिसत नाही, त्यामुळे गणपतीच्या मिरवणुकीत हे घालून चालायचं असेल तर खालची फट दोन मिलिमीटर मोठी करा. चष्मा असेल तर हनुवटीखाली हवा जायला वाट ठेवा, नाहीतर काचा धुरकटतात. आणि रंगपंचमीला नाशिकच्या रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) उडी मारण्याआधी हे काढून ठेवा. पाणी आत शिरलं की फोमचा आकार टिकतो, पण एलईडीची बॅटरी आणि वरचा रंग दोन्ही जातात.

ठेवताना आत जुना टॉवेल कोंबा. मे महिन्यात बंद गाडीत मागच्या काचेजवळ ठेवलंत तर डिंक सैल होतो आणि आधी मागचा उभा सांधा उघडतो.