एक माणूस, दोन टन लोखंड

आमची वॅगन आर ३,६५५ मिलिमीटर लांब, वजन साडेआठशे किलोच्या आसपास. शेजारच्या काकांची स्कॉर्पिओ-एन ४,६६२ मिलिमीटर, वजन जवळपास दोन टन. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिचं नाक पिवळ्या पट्ट्याबाहेरच असतं.

लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, गाडी कुठलीही असो. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तेवढ्यात आमची सोळा किलोमीटर जाते, त्यांची नऊ. म्हणजे किलोमीटरमागे साधारण १४५ ग्रॅम विरुद्ध २५५. शिवाय वजन वाढलं की टायरही जास्त झिजतात, त्यातली काही धूळ हवेत जाते. बॅटरीवरची जड गाडीही यातून सुटत नाही.

सात जणांना घेऊन ताम्हिणी चढायची तर स्कॉर्पिओच बरी, कबूल. पण रोज सकाळी तीत एकटे काका असतात, मागे लॅपटॉपची बॅग.