छतावरचं सोलर की को-ऑपच्या सोलरमधला वाटा?

डॅलसच्या उत्तरेला घर घेणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींच्या घरी वीज येते ती इलेक्ट्रिक को-ऑपरेटिव्हची. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज संस्था ज्यांना आठवते (2011 मध्ये तिचा कारभार महावितरणकडे गेला), त्यांना सहकारी वीज ही कल्पना नवी नाही. टेक्सासच्या खुल्या वीजबाजारात उतरायचं की नाही हे ठरवण्याची मुभा को-ऑपना होती आणि बहुतेकींनी न उतरणंच पसंत केलं. त्यामुळे इथे कंपनी बदलायचा प्रश्नच नाही. सोलर हवं तर स्वतःच्या छतावर पॅनेल लावायचे, नाहीतर को-ऑपच्या सोलर प्रकल्पात वाटा घ्यायचा (त्या वाट्याच्या विजेचं क्रेडिट आपल्या बिलात मिळतं), अर्थात तुमच्या को-ऑपने तशी सोय केली असेल तर. आमच्या आधीच्या घरावर पॅनेल होते. आताच्या घरात वाटा आहे.

आधी पैशाचं बोलू. कागदावर छत पुढे असायचं, पण त्यामागे 30 टक्के फेडरल करसवलत होती. स्वतः पैसे घालून पॅनेल बसवणाऱ्यांसाठी ती 2025 च्या 31 डिसेंबरला संपली. दुसरं म्हणजे, टेक्सासमध्ये राज्यभर लागू असं नेट मीटरिंग, म्हणजे दिलेल्या युनिटची घेतलेल्या युनिटशी सरळ वजावट, नाही. ज्या दराने आपण वीज घेतो त्याच दराने को-ऑप आपली जास्तीची वीज घेईल असं नाही, पुष्कळदा बरीच स्वस्तात घेते. दोघंही ऑफिसला असाल तर दुपारचे युनिट असे स्वस्तात जातात आणि संध्याकाळी सहाला, एसी जोरात असताना, पूर्ण दराने विकत घ्यावे लागतात. घरून काम करणाऱ्यांचं गणित वेगळं निघेल, पश्चिमेकडे उतरतं छत असेल तर आणखी वेगळं.

वाट्यात तरी फार पैसे वाचतात का? खरं सांगायचं तर नाही. बिलावर एक ओळ वाढते. ती उन्हाळ्यात थोडी आपल्या बाजूने झुकते, हिवाळ्यात थोडी विरुद्ध. शिवाय प्रकल्प लहान असतात, वाटे संपलेले असतात, यादीत नाव घालून थांबावं लागतं. त्याला कारण आहे. बऱ्याच को-ऑप आपली वीज एका मोठ्या, वीज तयार करणाऱ्या को-ऑपकडून दीर्घ कराराने घेतात आणि त्या करारात स्वतः किती वीज तयार करायची यावर मर्यादा असते. काही ठिकाणी ती जेमतेम 5 टक्के आहे. संचालकांच्या मनात असलं तरी हात बांधलेले.

इथवर पारडं छताकडेच थोडं झुकतं, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. माझं मत फिरलं ते गारपिटीने.

उत्तर टेक्सासमध्ये वसंत आला की गारा येतात. आमच्या पॅनेलना काही झालं नाही, चांगले दणकट निघाले. खालचे शिंगल्स (छताचं आवरण) मात्र गेले. छत बदलायचं तर पॅनेल उतरवायला हवेत आणि नंतर पुन्हा बसवायला हवेत. ज्यांनी ते बसवले होते त्यांचं दुकान तोवर बंद झालेलं. दुसरा सोलरवाला म्हणतो, दुसऱ्याच्या कामाला हात लावला तर वॉरंटीची जबाबदारी माझ्यावर येईल. छतवाला म्हणतो, पॅनेल असताना मी चढणार नाही. विमेवाला छताचे पैसे द्यायला तयार, पण उतरवण्या-बसवण्याच्या खर्चावर घासाघीस. तोवर छतावर निळी ताडपत्री, आणि कर्जाचा हप्ता चालूच, पॅनेल गॅरेजमध्ये असतानाही! गारा काय, पुन्हा येणारच. को-ऑपच्या सोलर प्रकल्पावर गारा पडल्या तर ती डोकेदुखी त्यांच्या इंजिनिअरची. मला कळतही नाही.

वीज गेल्यावर छतावरचं सोलर उपयोगी पडतं, हा मुद्दा हमखास निघतो. बॅटरी नसेल तर नाही पडत. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून ग्रिड बंद झालं की पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा साधा इन्व्हर्टरही बंद होतो. बॅटरी घेणार असाल तर मात्र छताला तोड नाही, हे मान्य.

को-ऑपमध्ये सगळं गोड आहे असंही नाही. फेब्रुवारी 2021 च्या थंडीनंतर ब्राझोस इलेक्ट्रिक ही, अनेक को-ऑपना वीज पुरवणारी मोठी को-ऑप, 1 मार्चला दिवाळखोरीत गेली. असा बोजा शेवटी सभासदांच्याच बिलात उतरतो, मग सोलरचा वाटा असो वा नसो. उलट बाजूने, शिल्लक उरली तर ती कॅपिटल क्रेडिट्स म्हणून कधीतरी परत येते आणि वार्षिक सभेत तुमचं एक मत असतं. त्या सभेला जाऊन पाहा. भाषणं आणि मागच्या रांगांतली कुजबुज, थेट साखर कारखान्याची सर्वसाधारण सभा.

घर दहा-पंधरा वर्षं सोडायचं नाही, छत नुकतंच बदललंय आणि बॅटरीची तयारी आहे, अशांना मी छतापासून परावृत्त करणार नाही. बाकीच्यांनी आधी को-ऑपच्या ऑफिसात फोन करावा. त्याच हद्दीत घर बदललं तर वाटा सोबत नेता येतो का, मध्येच सोडता येतो का, आणि क्रेडिटचा दर ठरलेला आहे की दरवर्षी बदलतो, एवढं विचारा. आमच्याकडे वाटा नेता येतो.