बेकेनबाउअर: मैदानातले मोठे की बाकावरचे?

पश्चिम जर्मनीचे फुटबॉलपटू फ्रांझ बेकेनबाउअर यांनी फुटबॉलचा विश्वचषक दोन्ही नात्यांनी जिंकला: 1974 साली कर्णधार म्हणून, 1990 साली प्रशिक्षक म्हणून. मग मोठे कोण? माझं मत खेळाडूच्या पारड्यात.

बचावफळीच्या मागे मोकळा राहणारा 'लिबेरो' तोवर मुख्यतः पडझड सावरायचा. बेकेनबाउअर चेंडू पायात घेऊन, मान ताठ ठेवून थेट पुढे निघायचे आणि हल्ल्याची सुरुवातच तिथून व्हायची. बायर्न म्युनिक क्लबकडून सलग तीन युरोपियन कप, दोन वेळा बॅलन डी'ऑर हा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, देशासाठी 103 सामने. पण मला आठवतो तो 1970 च्या विश्वचषकातला इटलीविरुद्धचा उपांत्य सामना. खांदा निखळलेला, बदली खेळाडू संपलेले. हात छातीशी बांधून ते जादा वेळेत खेळत राहिले. पश्चिम जर्मनी 4-3 हरली, तरी ते चित्र पुसलं जात नाही.

राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाचं काम 1984 मध्ये हाती आलं तेव्हा त्यांच्याकडे परवानाही नव्हता, म्हणून पदाचं नाव 'टीमशेफ', म्हणजे संघप्रमुख, ठेवलं. 1986 च्या विश्वचषकाची अंतिम लढत अर्जेंटिनाने 3-2 ने हिरावली. चार वर्षांनी रोममध्ये समोर पुन्हा अर्जेंटिनाच, आणि जर्मन खेळाडू ब्रेमेच्या पेनल्टीवर 1-0 ने विजय. नंतर बायर्नला 1994 चं लीग विजेतेपद आणि 1996 चा यूएफा कपही मिळवून दिला.

त्या रोमच्या रात्री खेळाडू जल्लोषात बुडालेले असताना ते गळ्यात पदक घालून मैदानावर एकटेच चालत होते. प्रशिक्षक बेकेनबाउअर मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते तिथे.